सहावर लावलेला पाना

परळ, लालबाग, दादर आणि गिरगाव येथील समस्त नागरिकांस, तसेच ज्यांच्याकडे इंजिन आहे आणि ज्यांच्याकडे इंजिनाबद्दलची फक्त मतं आहेत अशा सर्वांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की बोल्ट किती आवळावा हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. कमी आवळला तर इंजिन पाणी पिते. जास्त आवळला तर बोल्टची मान तुटते. आणि नेमका आवळायचा म्हटलं तर त्यासाठी जो पाना लागतो त्यात, आमच्या घराण्याचा अनुभव असा, की माणूस राहायला येऊ शकतो. जिवंत नव्हे. सर्वांनी नोंद घ्यावी.

मी मूळचा गिरगावचा, फणसवाडीतला. वडिलांच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी. घरात हत्यार म्हणजे अडकित्ता. नळ गळायला लागला तर वडील आधी त्याच्याकडे बराच वेळ रागाने बघत, आणि तरीही तो गळत राहिला तर चिंधी बांधत. आईचं माहेर मात्र भोईवाड्यात. तिथे माझा मामा. मामा गिरणीत फिटर होता, आणि गिरणी बंद पडल्यावर त्याने स्वतःच्याच चाळीच्या तळमजल्यावर एक गाळा घेऊन गॅरेज काढलं. तिथे फक्त शाळेच्या व्हॅन यायच्या. सकाळी परळ-दादरची पोरं ठासून भरून नेणाऱ्या त्या डब्यासारख्या गाड्या. सगळ्यांना एकच इंजिन, आणि ते इंजिन मामाला स्वतःच्या पोटासारखं माहीत होतं.

मला दारात बघितलं की मामा ओरडायचा, "आले बघा गिरगावकर! कशाला हात लावू नकोस रे, तुमच्या हाताला शाई असते."

मी हात लावत नव्हतो. मी बघायला जायचो. त्यातही एकच गोष्ट बघायला: हेड बसवणं. इंजिनाचं डोकं, ज्याला सगळे हेड म्हणतात, ते खालच्या धडावर ठेवायचं, मध्ये गॅस्केट नावाचा पातळ पत्रा, आणि मग चहूबाजूंनी बोल्ट आवळायचे. आवळायचे म्हणजे मधल्या बोल्टपासून सुरुवात करून, आडवेतिडवे, थोडे थोडे, सगळ्यांना सारखा न्याय देत. एकाला जरी कमी ताण पडला तरी तिथून आतलं पाणी आणि आतला जाळ एकमेकांना भेटतात, आणि मग पांढरा धूर, उकळी, टोइंग, भांडण. आसपासचे मेकॅनिक हे काम हाताच्या अंदाजाने करत. मामाकडे टॉर्क पाना होता.

हा पाना हातभर लांब, वजनदार, आणि त्याच्या मुठीवर आकडे कोरलेले. मूठ फिरवायची आणि जेवढा जोर हवा तो आकडा लावायचा. या इंजिनाच्या हेडला सहा. मग पाना बोल्टवर चढवून सावकाश ओढत जायचं. नेमका तेवढा जोर पडला की पाना आतल्या आत झटका देतो आणि आवाज होतो: कट्. त्यानंतर केसभरही ओढायचं नाही.

मामा काम करताना अवाक्षर बोलत नसे. पण प्रत्येक कट् बरोबर म्हणायचा, "बस." कट्, बस. पुढचा बोल्ट. कट्, बस. एखाद्या पुजाऱ्याने फुलं वाहावीत तसं. मामी हसायची. म्हणायची, "जेवताना पण तसंच. भात वाढत राहायचं, बस म्हणेपर्यंत. ह्यांच्या पोटात पण तो पाना बसवलाय."

मामाने बसवलेलं हेड कधी परत आलं नाही. व्हॅनवाले ही गोष्ट एकमेकांना अशा आवाजात सांगत, जशी एखाद्या देवस्थानाबद्दल सांगतात.

आणि मग तो गेला. एका व्हॅनचं हेड बसवायला घेतलं होतं. अर्धे बोल्ट झाले, जेवायची वेळ झाली, पाना तिथेच हेडवर आडवा ठेवून तो वर गेला. जेवला, आडवा झाला, उठला नाही.

तेराव्यानंतर माझा मामेभाऊ खाली आला आणि त्याने शटर उघडलं. मी बरोबर होतो. सगळं जसंच्या तसं. उघडं इंजिन, त्याच्यावर आडवा पाना, मूठ सहावर. मामेभावाने हात जोडले. मग पाना उचलला आणि उरलेले बोल्ट आवळायला घेतले. पहिला कट् झाला तेव्हा आम्ही दोघेही थांबलो. आवाज झाला होता, आणि त्याच्यानंतरची जागा रिकामी होती. ती रिकामी जागा इतकी मोठी होती की मामेभाऊ मान वळवून मागे बघू लागला.

"तू काही बोललास?" त्याने मला विचारलं.

"नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि पुढच्या बोल्टकडे वळला.

ते काम संपल्यावर त्याने पाना पुसला, मुठीवर, जिथे सहाचा आकडा होता तिथे, देवळातला लाल दोरा गुंडाळून घट्ट गाठ मारली, आणि पाना त्याच्या लाकडी पेटीत ठेवून पेटी मामाच्या फोटोखालच्या फळीवर ठेवली. मला म्हणाला, "हा आकडा बाबांच्या हाताने लागलेला आहे. हा आता कुणी फिरवायचा नाही."

मला ते फार आवडलं. मला अशा गोष्टी आवडतातच. त्याच संध्याकाळी मी फणसवाडीत दोन जिन्यांवर आणि एका पानाच्या गादीवर ही हकीकत रंगवून सांगितली.

फिरवायची गरजही नव्हती म्हणा. सगळी इंजिनं एकच, सगळ्यांना सहा. हेडचं काम आलं की मामेभाऊ फोटोला हात जोडायचा, पेटी उघडायची, कट् कट् व्हायचं, पाना पुसून परत पेटीत. खंडेनवमीला गॅरेजमध्ये पाटावर नवं कापड अंथरून पाने, हातोड्या, जॅक मांडले जायचे, आणि मधोमध, जणू नवरदेव, तो पाना. मामी वरून ताट घेऊन यायची, सगळ्या हत्यारांना हळद-कुंकू लावायची, पान्याला झेंडूचं फूल जरा जास्त. तिला वाटायचं तो पाना आता पूजेपुरताच आहे. आम्ही कधी तिला सांगितलं नाही की तो अजून कामाचा आहे आणि त्याच्यावर तिच्या नवऱ्याचा आकडा तसाच आहे. तिला वाईट वाटेल, असं मामेभावाला वाटायचं. मलाही वाटायचं, कारण तसं वाटणं जास्त सुंदर होतं.

काही वर्षं अशी गेली. मग व्हॅन परत येऊ लागल्या.

एकदम नाही. हेड बसवून गेलेली गाडी काही आठवड्यांनी दारात. पाणी कमी होतंय. मग दुसरी. मग तिसरी, जिने हिंदमाताच्या पुलावर वाफ सोडली आणि आतली पोरं आनंदाने किंचाळली. मामेभावाने पुन्हा हेड उघडलं, नवं गॅस्केट, पुन्हा आवळलं, पुन्हा तेच. त्याच्या कामात चूक सापडेना. मी स्वतः बघितलंय, तो बोल्टच्या भोकातला तेलाचा थेंबसुद्धा काडीला कापूस लावून टिपायचा.

लोक बोलू लागले. व्हॅनवाले हे जगातले सगळ्यात श्रद्धाळू आणि सगळ्यात तोंडाळ लोक. एकाने सांगितलं, "तुझ्या बाबांचं काहीतरी राहिलंय रे. बघ, अर्धं इंजिन टाकून गेले ना ते." दुसऱ्याने सांगितलं की शटर बंद असताना तो गल्लीतून चालला होता आणि आतून आवाज आला. कसला आवाज? कट्.

मामेभाऊ हसला नाही. मी त्याच्याकडे बघितलं आणि माझ्याही अंगावर काटा आला, कारण त्याचा चेहरा ही बातमी पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा नव्हता.

हळूहळू गाड्या दुसरीकडे जाऊ लागल्या. शेवटी एकच नियमित गिऱ्हाईक उरलं: दादरच्या एका शाळेची व्हॅन चालवणारी ताई. वयाने आमच्यापेक्षा लहान, पण तिला सगळे ताईच म्हणत, पोलीससुद्धा. तिचीही व्हॅन परत आली होती. एकदा नाही.

"काय रे दादा," ती गॅरेजच्या दारात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पोरं विचारतात, ताई, आपण व्हॅनमधून जातो की कुकरमधून?"

"ह्या वेळेला होईल नीट," मामेभाऊ म्हणाला.

"मागच्या वेळेला पण ह्या वेळेलाच होणार होतं."

मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी दुसरीकडे जात नाही रे. पण आतमध्ये लोकांची पोरं बसतात. तू सांग मला, भरवसा आहे ना तुझा?"

ती गेल्यावर त्याने मला सगळं सांगितलं. आम्ही बाकड्यावर चहा घेत होतो, समोर ताईची व्हॅन, तिचं हेड काढून ठेवलेलं, आतली भोकं वर आ वासून.

"हे शेवटचं," तो म्हणाला. "ही गाडी परत आली तर दसऱ्यानंतर शटर उघडायचं नाही. नोकरी बघून ठेवलीय. बाबांची गिरणी होती ना, तिथल्या टॉवरच्या तळघरात पंप बघायचे."

"अरे पण का? तुझं काम चोख आहे."

"काम माझं आहे. हात बाबांचा होता." त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "तू कुणाला सांगणार नसशील तर सांगतो."

मी शपथ घेतली. माझ्या शपथेला काय किंमत आहे ते तुम्ही बघताच आहात.

"बाबा आता लवकर बस म्हणतात रे," तो म्हणाला.

दुपारची वेळ होती. बाहेर ऊन, कोर्टाकडे जाणाऱ्या लोकांची ये-जा, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी. आणि तरी माझ्या मानेवर कुणीतरी गार बोट ठेवल्यासारखं झालं.

"म्हणजे?"

"पहिल्यांदा कसं, ओढत ओढत शेवटाला हात भरून यायचा. दंडात कळ यायची. मग आवाज. आता हात भरायच्या आतच आवाज होतो. मला वाटतं अजून थोडं हवंय, पण ते म्हणतात बस. त्यांना माझं काम बघवत नाही. संपव म्हणतात, उठ म्हणतात. मी गावाला जाऊन देवाला कौल लावणार आहे. गॅरेज ठेवू की नको, एकदा विचारून घेतो."

मग तो गॅस्केट आणायला दादरला गेला आणि मी एकटा गॅरेजमध्ये बसलो. खोटं सांगत नाही: मला तेव्हा मजा वाटत होती. मोठी, गंभीर, भुताटकीची मजा. मी मनातल्या मनात ही हकीकत जुळवत होतो, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. पंखा बंद होता. फोटोतला मामा नेहमीसारखा, फोटोग्राफरने हस म्हटल्यामुळे रागावलेला. आणि फळीवरच्या पेटीतून आवाज आला.

कट्.

बारीक. झोपेत कुणी कूस बदलताना हुंकार द्यावा तसा. मी हललो नाही. मग हललो, आणि इतका हललो की बाकडं उलटलं. पेटी उघडायला मला बराच वेळ लागला. आत पाना होता, लाल दोरा होता, गेल्या खंडेनवमीच्या कुंकवाचा डाग होता. लाकूड फुगतं, बिजागरी सुकते, हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की आत कुणीतरी अवघडून बसलंय.

मामेभाऊ परतला तेव्हा मी त्याला आवाजाबद्दल सांगितलं नाही. त्याऐवजी विचारलं, "लवकर म्हणतात म्हणजे किती लवकर?"

"ते काय मोजता येतं?"

"का नाही? सहा म्हणजे काय?"

त्याने माझ्याकडे गिरगावकराकडे बघतात तसं बघितलं. "सहा म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला सहा किलो लोंबकळवलं तर जेवढा पीळ पडेल तेवढा."

"पाना मीटरभर नाही."

"अर्धा आहे. मग बारा किलो." तो थांबला. "का?"

"कौल लावायचा म्हणालास ना? गावच्या देवाला कशाला त्रास? ज्याला विचारायचंय तो इथेच आहे. बारा किलो टांगू. बरोबर बारावर बस म्हणाले तर मामा शुद्धीवर आहे, आणि तुझ्यावर रागावलाय हेही खरं. मग तू खुशाल तळघरात जा."

"थट्टा करतोस."

"करतोय. पण टांगू."

वजनं मी लालबागच्या एका व्यायामशाळेतून आणली. त्या व्यायामशाळेतून चकत्या बाहेर नेणारा मी पहिलाच असा इसम असेन ज्याला त्या टॅक्सीच्या डिकीपर्यंतही नीट नेता आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये ताई दुसऱ्या कुणाची तरी गाडी घेऊन आली होती. व्हॅन झाली का विचारायला आली, आणि बघते तर मामेभाऊ फोटोला नमस्कार करतोय आणि मी चकत्या धुतोय.

"हे काय, सत्यनारायण?"

"कौल आहे," मी म्हटलं. "तू त्या बाजूला उभी राहा. मी थांबलो की 'होय म्हाराजा' म्हणायचं."

"कुणाला?"

"म्हण तू."

मामेभावाने पान्याचं चौकोनी तोंड टेबलाला ठोकलेल्या शिकंज्यात पकडलं, पाना आडवा, मूठ हवेत, आणि मुठीला तारेचा आकडा अडकवला. मग मी, आईकडून उधार घेतलेल्या आणि गिरगावात बिघडवलेल्या मालवणीत, गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज हय भोईवाड्यात तुझो झील हात जोडून उभो आसा!"

"होय म्हाराजा," ताई म्हणाली. आधी हसत.

"तेच्या हातसून काय चुकला-माकला आसात, तर ता पोटात घाल म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"इंजिनातला पाणी इंजिनात रवांदे, आणि ऑइल ऑइलात रवांदे!"

"होय म्हाराजा!" आता ती हसत नव्हती. मामेभावाने डोळे मिटले होते. आणि मी, जो थट्टा करायला उभा राहिलो होतो, त्या माझा आवाज शेवटच्या ओळीला दगा देऊ लागला. "तुका काय सांगूचा आसा ता आज सांग. कौल दी म्हाराजा."

"होय म्हाराजा."

पाच किलोची चकती टांगली. पाना जराही कुरकुरला नाही. गल्लीत एक भंगारवाला ओरडत गेला. मामेभावाने दुसरी पाचाची उचलली. उरलेली दोनाची ताईच्या हातात होती, ती पदराखाली बाळ धरावं तशी धरून उभी होती. दुसरी चकती आकड्यात अडकली, मामेभावाने तिच्याखालून हात काढून घेतला.

कट्.

मूठ खाली झुकली. चकत्या एकमेकींवर आपटल्या आणि मग सगळं शांत. दोन किलो ताईच्या हातातच राहिले.

मी तुम्हाला सांगतो, त्या शांततेत मी वाट बघत होतो. आम्ही तिघेही बघत होतो. कुणीतरी बस म्हणायची.

"लवकर म्हणाले," ताई कुजबुजली. "दादा, खरंच लवकर म्हणाले."

मामेभाऊ पान्याजवळ गेला. त्याने चकत्या उतरवल्या, पुन्हा टांगल्या. पुन्हा दहावरच कट्. त्याने पाना शिकंज्यातून काढला आणि दोन्ही हातांवर आडवा धरला, लहान मुलाला अंघोळीनंतर धरतात तसा. मला वाटलं आता हा रडणार, किंवा मला मारणार.

"स्प्रिंग आहे आत," तो म्हणाला. हळू, स्वतःशीच. "सहा लावायचं म्हणजे स्प्रिंग दाबायची. काम झालं की मूठ परत खाली आणून ती सैल सोडायची असते. रोज. नाहीतर दाबून दाबून तिचा दम जातो. मग सहा लिहिलेलं असतं आणि पाच भरतं."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"कुणाला माहीत नसतं? बाबा रोज करायचे. हात धुवायच्या आधी." त्याने लाल दोऱ्यावरून अंगठा फिरवला. "पण ह्यात स्प्रिंग आहे हे कधी डोक्यातच आलं नाही. मला वाटायचं ह्यात बाबा आहेत."

ताईने दोन किलोची चकती हळूच जमिनीवर ठेवली. "म्हणजे ते रागावले नव्हते," ती म्हणाली. "दमले होते."

पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी मला मामीला बोलू द्यायचंय आणि तिच्यानंतर बोलायची माझी छाती नाही. मामेभावाने नवा टॉर्क पाना आणला. पेटीतून काढल्या काढल्या आधी त्यालाही बारा किलो टांगले, गाऱ्हाण्याशिवाय. ताईचं हेड त्याने त्याच पान्याने आवळलं, हात भरून आला, दंडात कळ आली, मग आवाज आला. ती व्हॅन आजही पोरं नेते, आणि पोरांची वाफेची मजा गेली याबद्दल ताई अधूनमधून माफी मागते. दसऱ्यानंतर शटर उघडलं. जुन्या गाड्यांपैकी काही परत आल्या, काही नाही आल्या. नव्या पान्याचा आकडा रोज संध्याकाळी खाली उतरवला जातो. मी तिथे असलो तर मला तो उतरवताना बघावं लागतं, तसा नियमच आहे. जुना पाना फोटोखालीच आहे. पेटीतून आता आवाज येतो का, हे मी मामेभावाला विचारत नाही, आणि तो मला सांगत नाही. पण गॅरेजमध्ये एकटं बसायची वेळ आली की मी अजूनही बाकड्याच्या कडेला बसतो, दाराच्या बाजूला.

तर त्या दुपारी. पाना मामेभावाच्या हातात, आणि पुढे काय करायचं हे तिघांनाही कळलेलं, पण कुणाचा हात पुढे होईना. शेवटी त्याने ब्लेडने लाल दोरा कापला. खाली सहाचा आकडा निघाला, चकचकीत, इतकी वर्षं ऊन न लागलेल्या कातडीसारखा. त्याने मूठ धरली आणि फिरवायचा प्रयत्न केला. फिरेना. त्याने तेल सोडलं, फडकं गुंडाळलं, दात आवळले. मूठ कुरकुरली. खरोखर, एखादा म्हातारा उठताना कण्हतो तशी.

त्याच वेळी मामी डबा घेऊन जिन्यावरून खाली आली. तिने दारातूनच सगळं बघितलं: तिच्या नवऱ्याचा पाना, कापलेला दोरा, व्यायामशाळेच्या चकत्या, ताई डोळे पुसतेय, आणि मी, जो अशा प्रत्येक दृश्यात कुठेतरी असतोच.

"काय चाललंय काय?" ती म्हणाली.

मामेभावाची बोटं मुठीवरच थबकली. "आई," तो म्हणाला, "बाबांनी त्या दिवशी सहावर लावला होता ना, तो... तो तसाच ठेवला होता मी. आणि कामाला पण तोच घ्यायचो. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"तसाच म्हणजे?"

"म्हणजे आतली स्प्रिंग दाबलेली. ते गेल्यापासून. एकदाही सैल सोडली नाही."

मामी जवळ आली. तिने पान्याकडे बघितलं, मग फोटोकडे, मग आम्हा दोघांकडे, आळीपाळीने. तिचे ओठ हलले. मला वाटलं आता ती कोसळणार, आणि मी तिला धरायला पुढेही झालो. तिने डबा माझ्या हातात कोंबला, पोराच्या हाताखाली आपला हात घातला, मूठ पकडली, आणि दोघांनी मिळून एक जोराचा पीळ दिला. मूठ सुटली. आकडे खाली खाली फिरत गेले, आणि पान्याच्या आतून एक लांब, बारीक, सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला. तेलाचा असेल. आम्ही कुणीच एकमेकांकडे बघितलं नाही.

आणि मामी, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अरे मेल्यांनो, गेलेल्या माणसाकडनं पण ओव्हरटाइम करून घेतलात!"